जंगल सरकतं म्हणजे नेमकं काय होतं?

डोंगराच्या चढावर सूचिपर्णी जंगल जिथे संपतं आणि गवत सुरू होतं, तिथे गुडघ्यांवर बसून गवत बाजूला सारलं की बोटभर उंचीची स्प्रूसची रोपं दिसतात. त्यातल्या काहींचं वय २० वर्षं असतं आणि उंची वीतभरही नसते. हिवाळ्यात ती बर्फाखाली सुरक्षित असतात. शेंडा बर्फाच्या वर आला की खरी परीक्षा सुरू होते. वाऱ्याबरोबर उडणारे हिमकण सुयांवरचा मेणाचा थर खरवडून काढतात, सुया वाळतात, शेंडा मरतो आणि रोप पुन्हा बर्फाच्या पातळीला येऊन बसतं. हे जंगल पुढच्या पन्नास वर्षांत वर सरकणार की नाही, ते या रोपांवर ठरतं. मागे उभी असलेली दोनशे वर्षांची झाडं त्याबद्दल फार थोडं सांगतात.

झाड जिथे रुजतं तिथेच मरतं. त्यामुळे जंगल सरकलं याचा अर्थ इतकाच, की एका कडेला पूर्वी नव्हती तिथे नवी रोपं टिकून मोठी झाली, आणि दुसऱ्या कडेला जुनी झाडं गेली पण त्यांच्या जागी त्यांची पिल्लावळ आली नाही. पुढची कड बियांवर चालते, मागची कड मरणावर. या दोन कडांचा वेग सारखा नसतो. तापमान वाढत असताना जंगलांचं जे बिघडतं, त्यातलं पुष्कळसं या एका तफावतीतून येतं.

किती सरकावं लागतं?

उंचीवर गेलं की हवा दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सिअसने थंड होते. म्हणजे तापमान १ अंशाने वाढलं, तर पूर्वीसारखीच हवा मिळवायला एखाद्या प्रजातीला सुमारे १५० मीटर वर जावं लागेल. सपाट जमिनीवर हीच हवा ध्रुवाच्या दिशेने साधारण १०० ते १५० किलोमीटरवर सापडते. डोंगरावर १५० मीटरची चढण म्हणजे एखाद-दोन किलोमीटरची वाट, मैदानात तोच प्रवास शंभरपट लांब. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा हिशेब सगळ्या पृथ्वीसाठी मांडला. एकविसाव्या शतकात हवामानाचे पट्टे सरासरी वर्षाला ०.४२ किलोमीटर वेगाने सरकतील, असं त्यात निघालं. डोंगराळ सूचिपर्णी जंगलांत हा वेग ०.०८ किलोमीटर इतका कमी, तर सपाट पाणथळ गवताळ प्रदेशांत १.२६ किलोमीटर इतका जास्त होता.

०.४२ किलोमीटर म्हणजे वर्षाला ४२० मीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण झाड दरवर्षी पाऊल टाकत नाही, ते पिढीला एकदा टाकतं. एखादं झाड विसाव्या वर्षी पहिल्यांदा बी धरत असेल, तर या वेगाशी जुळवून घ्यायला त्याचं बी प्रत्येक पिढीत सुमारे साडेआठ किलोमीटर पुढे पडून रुजलं पाहिजे. ओकचं फळ झाडाखाली पडतं आणि उतारावरून फार तर काही मीटर घरंगळतं.

हे कोडं जुनं आहे. हिमयुगात ओक ब्रिटनमधून हटला होता. हिमयुग संपल्यावर तो पुन्हा उत्तर ब्रिटनपर्यंत पोहोचला. क्लेमेंट रीड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये हिशेब केला, तेव्हा सुमारे ६०० मैलांचा हा प्रवास बाहेरच्या मदतीशिवाय करायला ओकला १० लाख वर्षं लागली असती असं उत्तर आलं. प्रत्यक्षात त्याच्या हातात काही हजार वर्षंच होती. रीडने बोट दाखवलं ते पक्ष्यांकडे, आणि ते बरोबर होतं. कावळ्याच्या कुळातला ‘जे’ (jay) नावाचा पक्षी शरद ऋतूत ओकची हजारो फळं चोचीतून आणि घशाच्या पिशवीतून नेऊन हिवाळ्यासाठी एकेक करून जमिनीत पुरतो. ती शेकडो मीटरवर, कधी काही किलोमीटरवर जातात. जी खायची राहतात, त्यांचे ओक होतात.

तळ्यातला गाळ काय सांगतो

झाडं पूर्वी कुठे होती ते कळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे तळ्याच्या तळाचा गाळ. परागकणांचं कवच इतकं चिवट असतं, की ऑक्सिजन नसलेल्या चिखलात ते हजारो वर्षं टिकतं. स्वीडनच्या लेनार्ट फोन पोस्ट यांनी १९१६ मध्ये या कणांची मोजदाद करून गतकाळातली जंगलं वाचायची पद्धत मांडली. गाळात पोकळ नळी खुपसून उभा स्तंभ काढायचा, ठरावीक अंतरावरचे नमुने घ्यायचे, आम्लांनी आणि अल्कलीने बाकीचा कचरा विरघळवायचा, प्रत्येक नमुन्यातले काहीशे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे आणि कार्बन कालमापनाने थरांची वयं लावायची.

या पद्धतीत एक फसगत हमखास होते. पाइन आणि बर्चचे परागकण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात, त्यामुळे थरात दोन-चार कण दिसले म्हणजे तिथे झाड होतं असं धरता येत नाही. उलट बाजूने, पाच-पन्नास झाडांचा एखादा छोटा पुंजका दरीत तग धरून असेल, तर त्याचे कण बाकीच्या गर्दीत हरवतात. खात्री करायला सुई, शंकू, बी किंवा लाकडाचा तुकडा सापडावा लागतो.

हा मुद्दा किचकट वाटला तरी त्यावर फार काही अवलंबून आहे. परागकणांवरून काढलेले जुने आकडे हिमयुगानंतरच्या झाडांचा वेग वर्षाला १०० ते ४०० मीटर सांगत होते. तेवढं साधत असेल तर आजचीही झाडं कशीबशी निभावून नेतील, असा दिलासा त्यातून मिळत होता. २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रेड मेपल आणि अमेरिकन बीच यांचा डीएनए तपासला गेला. ही झाडं हिमयुगातल्या बर्फाच्या थराच्या बऱ्याच जवळ लहान लहान पुंजक्यांनी टिकून होती, असं त्यातून दिसलं. म्हणजे ती जितक्या लांबून आली असं मानलं जात होतं, तितक्या लांबून आलीच नव्हती. वेग वर्षाला १०० मीटरच्याही खाली उतरला. गरज ४२० मीटरची आणि ऐपत १०० मीटरचीही नाही, असा हा हिशेब आहे.

याच गाळाने आणखी एक समज मोडला. परागकणांच्या अभ्यासक मार्गारेट डेव्हिस यांनी उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांच्या नोंदी जुळवल्या, तेव्हा प्रत्येक प्रजाती आपापल्या वाटेने आणि आपापल्या वेगाने आल्याचं दिसलं. आज एकत्र वाढणारी झाडं काही हजार वर्षांपूर्वी एकमेकांच्या आसपासही नव्हती. म्हणून अख्खं जंगल उचलून उत्तरेला नेल्यासारखं सरकेल ही कल्पना सोडून द्यावी लागते. सरकतात त्या प्रजाती, आणि पुढे जाऊन त्या जी मोट बांधतात ती कदाचित आज कुठेच नसलेली असते. सगळ्यांना ते जमतंच असंही नाही. मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात हिमयुगात मुबलक असलेली क्रिचफील्ड स्प्रूस हवा तापत गेली तशी पृथ्वीवरून नाहीशी झाली. युरोपात आल्प्स आणि पिरेनीज या रांगा पूर्व-पश्चिम आडव्या पडल्या आहेत. हिमयुगांत दक्षिणेकडे हटणाऱ्या झाडांची वाट त्यांनी अडवली. मॅग्नोलिया आणि ट्युलिप ट्री युरोपातून गेली आणि उत्तर अमेरिकेत राहिली, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

पुढची कड: बी ते झाड

बी पुढे पडण्याआधी ते तयार व्हावं लागतं. ओक, बीच यांसारखी झाडं दरवर्षी सारखी फळत नाहीत. काही वर्षं जवळपास कोरडी जातात आणि मग एका वर्षी सगळं रान एकदम लगडतं. कडेवर एकटं पडलेलं झाड आणखी अडचणीत असतं. परागकण पुरेसे मिळत नाहीत, स्वतःच्याच परागांवर फळलं तर बरंचसं बी पोकळ निघतं. शंकू हातात घेतला तर भरलेला दिसतो. बिया कापून पाहिल्या तरच आत गर नाही हे कळतं. म्हणून कडेवरच्या बियांची नुसती संख्या मोजून उपयोग नसतो. निदान ५० बिया उभ्या चिरून किती भरलेल्या आहेत ते पाहावं लागतं.

मग प्रवास. इथे प्रत्येक प्रजातीने एक सौदा केलेला आहे. बर्चचं पंखवालं बी मिलिग्रॅमचा अंश भरतं, वाऱ्यावर दूर जातं, पण त्याच्यात शिदोरी जवळपास नसते. पालापाचोळ्यावर पडलं तर मूळ मातीपर्यंत पोहोचण्याआधीच ते सुकतं. त्याला उघडी, ओलसर माती लागते. ओकच्या फळाचं वजन काही ग्रॅम असतं. ते पाचोळ्याच्या जाड थरातून मूळ खाली घालू शकतं आणि सावलीतही काही महिने स्वतःच्या साठ्यावर काढू शकतं, पण पक्षी किंवा उंदरा-खारींशिवाय ते हलत नाही. शिवाय ते सुकलं की मेलं. हलकं बी लांब जातं आणि क्वचित रुजतं, जड बी जवळ पडतं आणि बऱ्यापैकी रुजतं.

व्हाइटबार्क पाइनच्या बीला पंख नाहीत आणि त्याचा शंकू आपणहून नीट उघडतही नाही. तो फोडतो क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी. जिभेखालच्या पिशवीत बिया भरून तो कित्येक किलोमीटर उडतो आणि एकेका ठिकाणी थोड्या थोड्या बिया दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरतो. एका हंगामात एक पक्षी हजारोंनी बिया पुरतो. ही खोली अगदी नेमकी असते: बी सुकत नाही, उंदराला सहज सापडत नाही आणि कोंबाला वर येता येतं. या पाइनची दोन-चार खोडं एकाच बुंध्यातून आल्यासारखी दिसतात तेव्हा ती बहुधा एका विसरलेल्या साठ्यातली वेगवेगळी झाडं असतात. पक्षी कमी झाले, किंवा झाडं इतकी विरळ झाली की पक्ष्यांनी तिकडे फिरकणं सोडलं, की ही साखळी तुटते.

बी पडलं, उगवलं, तरी सर्वांत जास्त मरतूक पहिल्या दोन-तीन वर्षांत होते. उन्हात उघड्या, गडद मातीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जाऊ शकतो, हवा २५ अंश असली तरी. कोवळ्या रोपाची साल जमिनीलगत बांगडीसारखी भाजते. वरून रोप हिरवं दिसतं आणि आठवड्याभरात आडवं होतं. थंडीत उलटं घडतं. ओल्या मातीत रात्री बर्फाच्या सुया उभ्या वाढतात, रोपाला मुळासकट वर उचलतात, आणि दिवसा बर्फ वितळला की मुळं उघडी पडतात. दगडाच्या किंवा पडलेल्या ओंडक्याच्या आडोशाला रोपं जास्त दिसतात ती यामुळे. तिथे ऊन कमी, ओल जास्त आणि गोठण-वितळण सौम्य असते.

मातीतली बुरशी ही नेहमी विसरली जाणारी अट आहे. पाइन, ओक, बीच, स्प्रूस यांच्या मुळांवर ठरावीक बुरश्या वाढतात. त्या पाणी आणि फॉस्फरस आणून देतात, झाड त्यांना साखर देतं. प्वेर्तो रिकोत पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते. रोपं पिवळी पडून खुरटत होती. १९५० च्या दशकात पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली तेव्हा ती वाढू लागली. जिथे त्या कुळातलं एकही झाड नाही अशा जमिनीवर पडलेलं बी याच कारणाने अनेकदा वाया जातं. म्हणून झाडांची आघाडी झुडपांच्या पट्ट्यांमागून जाते असं काही ठिकाणी दिसतं, कारण त्या झुडपांच्या मुळांवर चालणारी बुरशी झाडांनाही चालते. पण झुडपं फार दाट असली तर तीच आडवी येतात. तिबेटच्या पठारावर गेल्या शंभर वर्षांत वृक्षरेषा (जिच्या वर झाडं वाढत नाहीत ती हद्द) काही ठिकाणी ८० मीटरपर्यंत वर गेली आणि काही ठिकाणी हललीच नाही. फरक वरच्या बाजूच्या झुडपांच्या दाटीमुळे पडत होता.

सगळं जुळून आलं तर मात्र वेग थक्क करतो. अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेत व्हाइट स्प्रूस दर दशकाला ४ किलोमीटरहून अधिक वेगाने उत्तरेला टुंड्रात शिरल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. बिया लांब नेणारे हिवाळी वारे, रोपांवर पांघरूण घालणारा खोल बर्फ आणि मातीत जास्त मिळणारी पोषकद्रव्यं, हे सगळं तिथे एकत्र आलं होतं. नुसत्या उबेने हे घडलं नसतं.

मागची कड: आधी काहीच नाही, मग सगळं एकदम

मोठ्या झाडाची मुळं खोल असतात, साठा मोठा असतो आणि स्वतःच्या छत्राखाली ते स्वतःपुरतं हवामानही बनवतं. जगभरातल्या मोजमापांनुसार जंगलाच्या आत दिवसाचं कमाल तापमान बाहेरच्या उघड्या जागेपेक्षा सरासरी ४ अंशांनी कमी असतं. त्यामुळे हवा बदलली तरी जंगल दशकानुदशकं हिरवंगार दिसतं. रोपं मात्र येत नसतात. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडात सुमारे एक पंचमांश सूचिपर्णी जंगल आता अशा हवेत उभं आहे, जी त्या झाडांच्या रोपांना मानवत नाही.

मग दुष्काळ येतो. इथे उष्णतेइतकंच हवेचं कोरडेपण महत्त्वाचं. तापमान १ अंश वाढलं की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाऊस तितकाच पडला तरी पानांतून पाणी ओढण्याचा जोर वाढतो. झाड पानांची छिद्रं मिटून घेतं. मिटली तर अन्न तयार होत नाही, उघडी ठेवली तर खोडातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा ताणलेला धागा तुटतो आणि तिथे हवेचा बुडबुडा बसतो. अशा नळ्या वाढत गेल्या की फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात. अशक्त सूचिपर्णी झाड चीकही कमी गाळतं, आणि साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना अडवणारं मुख्य हत्यार तोच चीक असतो. १९५० च्या दशकात न्यू मेक्सिकोत एका पठारावर पाँडेरोसा पाइनच्या जंगलाची कड पाच वर्षांच्या आत २ किलोमीटर किंवा त्याहून अधिक मागे हटली. आजही ती परत आलेली नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनवरच्या भुंगेऱ्याने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून १.८ कोटी हेक्टर जंगलाला झळ पोहोचवली. या किडीच्या अळ्या मारायला उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी लागते आणि तशी थंडी विरळ होत गेली.

वणवा हा तिसरा घाव. जळणं या जंगलांना नवं नाही, पण जळाल्यावर पुन्हा उगवायला आताची हवा साथ देत नाही. रॉकी पर्वतातल्या ५२ वणव्यांनंतरच्या सुमारे १५०० जागा तपासल्या, तेव्हा झाडांची रोपं अजिबात नसलेल्या जागा २००० पूर्वीच्या वणव्यांनंतर १९ टक्के होत्या, नंतरच्या वणव्यांनंतर ३२ टक्के. छत्र गेलं की ते ४ अंशांचं संरक्षणही एका दिवसात जातं. चाळीस वर्षांत हळूहळू सोसायची उष्णता रोपाला पहिल्याच उन्हाळ्यात सोसावी लागते. मागच्या कडेला बराच काळ काहीच घडत नाही आणि मग दोन-तीन वर्षांत सगळं घडून जातं, त्याचं कारण हे.

वर आणि उत्तरेला, एवढंच नाही

पश्चिम युरोपातल्या डोंगरांवर जंगलातल्या १७१ वनस्पती दर दशकाला सरासरी २९ मीटर वर गेल्याचं २००८ मध्ये दिसून आलं. हे अपेक्षेप्रमाणे झालं. पण जगभरातल्या १६६ वृक्षरेषांचा आढावा घेतला तर १९०० नंतर त्यातल्या ५२ टक्केच वर सरकल्या होत्या, बाकीच्या जवळपास सगळ्या जागच्या जागी होत्या. अमेरिकेच्या पूर्व भागात ९२ प्रजातींच्या रोपांची आणि मोठ्या झाडांची तुलना २०१२ मध्ये झाली. त्यातल्या ५९ टक्क्यांचा टापू दोन्ही टोकांनी आक्रसत होता, निव्वळ उत्तरेला सरकण्याची खूण फक्त २१ टक्क्यांत होती. त्याच भागातल्या ८६ प्रजातींच्या २०१७ च्या अभ्यासात उत्तरेपेक्षा पश्चिमेकडे सरकलेल्या जास्त निघाल्या, कारण तिकडे पाऊस वाढला होता. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत तर अनेक वनस्पती उताराने खाली आल्या. तिथेही ओलाव्याने तापमानावर मात केली.

हिमालयातल्या वृक्षरेषेवरचा भूर्ज हे याचं चांगलं उदाहरण आहे. इतक्या उंचीवर त्याला थंडीच रोखत असेल असं कुणालाही वाटेल. मध्य हिमालयात त्याच्या खोडातली वार्षिक वलयं मोजली, तेव्हा अरुंद वलयं पावसाळ्यापूर्वीच्या कोरड्या वर्षांची निघाली. मार्च ते मे या काळात ओल नसेल तर ऊब त्याच्या कामाची नसते, उलट माती लवकर सुकवते.

अलास्कातला यलो सीडर तर उबेमुळे थंडीने मरतो. त्याची बारीक मुळं उथळ असतात आणि उणे ५ अंशांच्या आसपास गोठून मरतात. पूर्वी बर्फाची रजई असायची. आता हिवाळा उबदार, बर्फ पातळ, आणि वसंतात कधीतरी एक कडक थंडीची लाट येते ती थेट मुळांपर्यंत पोहोचते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अशाच एका उंबरठ्याने उलट काम केलं. उणे ४ अंशांखाली जाणाऱ्या रात्री कमी झाल्या आणि १९८४ ते २०११ या काळात खारफुटी उत्तरेकडच्या खाजणात पसरली. सरासरी तापमानापेक्षा असे टोकाचे दिवस कितीदा येतात यावर झाडाची हद्द ठरते, हे या दोन्ही ठिकाणी दिसतं.

आपल्या पाहण्यातलं जंगल सरकतंय का, हे कसं तपासायचं?

कडेच्या खाली २०० मीटरपासून वर १०० मीटरपर्यंत, दर ५० मीटर उंचीवर १० बाय १० मीटरचे तीन-तीन चौरस आखा. प्रत्येक चौरसात तीन वर्ग वेगळे मोजा: १.३ मीटरपेक्षा बुटकी रोपं, त्याहून उंच पण १० सेंटिमीटरपेक्षा बारीक खोडाची तरुण झाडं आणि त्यापुढची मोठी झाडं. रोपं फार दाट असतील तर चौरसाच्या कोपऱ्यांत २ बाय २ मीटरच्या लहान चौकटीत मोजा. वरच्या कडेला मोठी झाडं नाहीत पण वेगवेगळ्या वयाची रोपं आहेत, तर कड पुढे चालली आहे. खालच्या कडेला मोठी झाडं आहेत आणि तरुण झाडं नाहीत, तर ती कड मागे पडू लागली आहे.

चुका नेमक्या कुठे होतात ते आधीच माहीत असावं. त्या वर्षी उगवलेले कोंब मोजणीत धरू नका, भरघोस फळण्याच्या वर्षानंतर ते हजारोंनी दिसतात आणि हिवाळ्यापर्यंत बहुतेक मरतात. दोन हिवाळे काढलेलं रोपच मोजा. मुळातून फुटलेला धुमारा रोपासारखा दिसतो, बुंध्याशी माती उकरली की आडवं मूळ सापडतं. धुमारा हा कड पुढे गेल्याचा पुरावा धरता येत नाही, कारण तो जुन्याच झाडाचा भाग असतो. प्रकाशप्रिय झाडांची रोपं दाट सावलीत कधीच येत नाहीत, तेव्हा ती मोकळ्या खिंडारात शोधा. फोनवरची जीपीएस उंची सहज दहा-वीस मीटर चुकते, जागा नकाशावरच्या समोच्च रेषांशी ताडून घ्या. आणि सगळ्यात आधी विचारा, की इथे पूर्वी गुरं चरत होती का. स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये जंगल वर चढल्याचं जे दिसलं, त्यातला मोठा भाग चराई थांबल्यामुळे झाडांनी जुनी जागा परत घेण्याचा होता. एका चौकटीला गुरं आणि हरणं येणार नाहीत असं कुंपण घातलं, की ऊब आणि चराई यांचा वाटा वेगळा करता येतो. पुन्हा मोजणी पाच ते दहा वर्षांनी त्याच चौरसांत करायची असते, म्हणून कोपऱ्यांवर गंज न धरणारे खुंट ठोका.

माणसाने बी उचलून न्यावं का?

याचे तीन टप्पे मानले जातात आणि ते एकत्र मोजू नयेत. पहिला, प्रजाती जिथे आहे तिथेच, पण तिच्या टापूतल्या जास्त उष्ण भागातलं बी आणून लावणं. दुसरा, टापूच्या कडेला लागून थोडं पुढे लावणं. तिसरा, शेकडो किलोमीटर पलीकडे नेणं. पहिल्यात धोका कमी आणि फायदा बऱ्यापैकी, तो आजच सुरू करावा असं आमचं मत आहे. ब्रिटिश कोलंबियाने त्याच दिशेने पावलं टाकली. २००९ पासून तिथे १५ प्रजातींचं वेगवेगळ्या ठिकाणचं बी कॅलिफोर्नियापासून युकॉनपर्यंत ४८ जागी लावून तुलना केली जाते, आणि लावणीसाठी बी निवडताना आता जागेचं अंतर न पाहता हवामानाचं साम्य पाहिलं जातं. व्हाइटबार्क पाइनचं बी सध्याच्या उत्तर हद्दीच्या बरंच पलीकडे पेरलं तेव्हा तिथेही ते उगवलं. ती जागा त्याला मानवत होती, फक्त बी तिथे पोहोचत नव्हतं.

तिसऱ्या टप्प्याबद्दल मतभेद आहेत आणि ते असायला हवेत. फ्लोरिडातला टोरेया हा वृक्ष बुरशीच्या रोगाने संपत आला आहे. २००८ मध्ये स्वयंसेवकांनी त्याची ३१ रोपं नॉर्थ कॅरोलिनात लावली. त्यावरचा गंभीर आक्षेप असा, की रोपाबरोबर रोगही नव्या डोंगरात जाऊ शकतो. पाइनला जंगलातली माती लागते हे खरं, पण त्याच मातीतून मूळ कुजवणारे रोगही जातात. म्हणून मातीऐवजी रोपवाटिकेत वाढवलेली, रोगमुक्त तपासलेली बुरशी वापरणं शहाणपणाचं.

पहिल्या दोन टप्प्यांतही हमखास होणारी चूक म्हणजे फार पुढच्या हवामानासाठी बी निवडणं. ८० वर्षांनंतरची हवा डोळ्यांसमोर ठेवून खूप दक्षिणेकडचं बी आणलं, तर रोप या दशकातल्या थंडीत मरतं. कारण दिवसाच्या लांबीत आहे. थंड प्रदेशातली बरीच झाडं दिवस लहान होताना पाहून वाढ थांबवतात. दक्षिणेकडच्या रोपाची ही खूणगाठ दक्षिणेच्या दिवसांशी बांधलेली असते. उत्तरेला शरदातही ते वाढत राहतं आणि पहिलं गोठलेलं दव पडतं तेव्हा त्याचा शेंडा हिरवा, पाणीदार असतो. हवा बदलली तरी दिवसाची लांबी बदलत नाही, त्यामुळे ही अडचण आपोआप सुटणार नाही. बी पुढच्या २०-३० वर्षांच्या हवेला जुळणारं घ्यावं, एका झाडाचं न घेता एकमेकांपासून निदान १०० मीटरवरच्या ३० ते ५० झाडांचं मिसळावं, आणि त्यात थोडं स्थानिक बी ठेवावं.

लावलेल्या प्रत्येक गटाची नोंद ठेवणं कंटाळवाणं असतं आणि तेच सर्वांत आधी मागे पडतं: बी कोणत्या अक्षांश-रेखांशावरचं, किती उंचीवरचं, किती मातृवृक्षांचं, कोणत्या वर्षी गोळा केलं, कुठे लावलं. एक प्रत जागेच्या नकाशासोबत आणि एक दुसरीकडे ठेवावी. ३० वर्षांनी त्या कडेवर कुणी पुन्हा चौरस आखून मोजायला बसेल, तेव्हा समोरचं झाड पक्ष्याने आणलं की माणसाने, हे त्या नोंदीशिवाय कळणार नाही.